"मिरज गेली का?" : दुचाकीवर चालणाऱ्या शहरात सिटी बस पुन्हा उभी कशी करायची

सांगलीच्या विश्रामबागेतल्या थांब्यावर सकाळी उभे राहा. पाच मिनिटांच्या आत कुणीतरी धापा टाकत येतं आणि विचारतं, "मिरज गेली का हो?" उत्तर देणाऱ्यालाही नक्की ठाऊक नसतं. "एक गेली आत्ता, पण ती जतची असेल बहुतेक." मग दोघं मिळून सांगलीच्या दिशेला बघत राहतात. तेवढ्यात शेअर रिक्षा येते. मागे तिघं बसलेले, पुढे चालकाशेजारी एक. दप्तर मांडीवर घेऊन एक मुलगी तशीच अंग चोरून आत शिरते. बस आलीच नाही, असं नाही. ती कधी येणार हे कुणाला माहीत नव्हतं, एवढंच.

आमच्याकडे 'गाडी' म्हटलं की दुचाकीच. दहावी झाली की क्लाससाठी गाडी, नोकरी लागली की गाडी, सून आली की तिला वेगळी गाडी. ही हौस म्हणून सोडून देता येत नाही. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या हातात मोठी गाडी दिली आणि तो पकडला गेला, तर २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यात पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. तरीही आईबाप गाडी देतात, कारण संध्याकाळी साडेसातला क्लास सुटल्यावर पोरगी घरी कशी येणार, याचं दुसरं उत्तर त्यांच्याकडे नसतं. ते उत्तर तयार कसं करायचं, त्यासाठी हे लिहितो आहे. उदाहरण सांगली-मिरजेचं घेतलं आहे, कारण हा रस्ता मला पाठ आहे. गणित मात्र तुमच्या गावालाही तसंच लागू पडेल.

आधी थांब्यावर उभं राहायचं

निवेदन, मोर्चा, पत्रकार परिषद हे सगळं नंतर. पहिले पंधरा दिवस फक्त मोजणी करा. पाच-सहा थांबे निवडा. आमच्याकडे सांगली बस स्थानक, पुष्पराज चौक, मार्केट यार्ड, विश्रामबाग, वानलेसवाडी आणि मिरजेचा गांधी चौक. प्रत्येक ठिकाणी दोन माणसं, एक शाळेची वही आणि घड्याळ. सकाळी साडेसात ते साडेदहा, संध्याकाळी पाच ते आठ. दोन कामाचे दिवस आणि एक आठवडी बाजाराचा दिवस घ्या.

वहीत रकाने आखा: वेळ, कोणतं वाहन आलं, किती चढले, किती उतरले. शिवाय दर पंधरा मिनिटांनी थांब्यावर किती माणसं उभी आहेत, तेही टिपा. हा शेवटचा रकाना सगळ्यात मोलाचा आहे. थांब्यावर ताटकळलेली माणसं कोणत्याही खात्याच्या कागदावर दिसत नाहीत. तिकीट विकलं गेलं नाही, म्हणजे प्रवासी नव्हता, असंच कागद सांगतो.

शेअर रिक्षा आणि वडापची, म्हणजे सीट भरून धावणाऱ्या खासगी जीपगाड्यांची, मोजणी वेगळी ठेवा आणि ती मनापासून करा. 'बसला प्रवासी नाहीत' हे वाक्य तुम्हाला पुढे अनेक टेबलांवर ऐकायला मिळणार आहे. त्याच रस्त्यावरून त्याच वेळेत रिक्षातून किती माणसं गेली, हा तुमच्या वहीतला आकडा त्याला पुरेसं उत्तर आहे.

मग कॉलेजच्या फाटकावर जा. विलिंग्डन आणि वालचंद एकाच पट्ट्यात आहेत, त्यामुळे आमचं काम सोपं होतं. तिथे पोरांना "बस चांगली झाली तर वापराल का?" असं विचारू नका. सगळे हो म्हणतात आणि त्या होकाराला काही अर्थ नसतो. त्याऐवजी विचारा, "महिन्याला पेट्रोलला किती जातात?" आणि "गेल्या आठवड्यात तुम्हाला सोडायला किंवा न्यायला कोण आणि किती वेळा आलं?" दुसऱ्या प्रश्नावर मुली थांबतात आणि मोजू लागतात. सोमवारी भाऊ, मंगळवारी बाबा, बुधवारी मैत्रिणीच्या मागे बसून, गुरुवारी कुणी नव्हतं म्हणून लेक्चर बुडालं. बसचा पहिला प्रवासी इथे सापडतो. ज्याच्या बुडाखाली स्वतःची गाडी आहे, त्याच्यामागे पहिल्या वर्षी लागू नका. जी माणसं दुसऱ्याच्या सवडीवर फिरतात त्यांच्यासाठी बस काढा: विद्यार्थिनी, दवाखान्यात खेपा घालणारे म्हातारे, धुणीभांडी करणाऱ्या बाया, रुग्णांचे नातेवाईक.

आणि वाहकाशी बोला. ड्युटी संपल्यावर, चहा घेत. कोणत्या फेरीला कुठे गर्दी होते, कोणता थांबा चुकीच्या जागी आहे, कोणत्या चौकात दहा मिनिटं जातात, हे त्याला तोंडपाठ असतं. कोणत्याही सल्लागाराच्या अहवालात इतकं नेमकं सापडत नाही.

एकच मार्ग धरा

मोजणी झाली की प्रत्येक वॉर्डातून मागणी येईल: आमच्या कॉलनीतून बस न्या. ती रास्त असते. पण सगळ्यांना हो म्हणालात, तर सगळ्यांनाच निकामी बस मिळेल. असं का, ते गणित करून बघू.

सांगली बस स्थानक ते मिरज साधारण दहा किलोमीटर. थांबे, सिग्नल, गर्दी धरून बस तासाला १७-१८ किलोमीटर कापते असं धरा. म्हणजे एका बाजूला ३५ मिनिटं. दोन्ही टोकांना पाच-पाच मिनिटं उसंत. पूर्ण फेरी ८० मिनिटांची झाली. आता एकच सूत्र लक्षात ठेवा: फेरीचा वेळ भागिले दोन बसमधलं अंतर, म्हणजे लागणाऱ्या बस. दर १० मिनिटांनी बस हवी असेल, तर ८० भागिले १०, आठ बस. एक राखीव, म्हणजे नऊ.

याच आठ बस आठ वेगवेगळ्या मार्गांवर एकेक करून वाटल्या तर काय होईल? प्रत्येक मार्गावर ८० मिनिटांनी एक बस. वेळ माहीत नसलेल्या माणसाला सरासरी ४० मिनिटं थांबावं लागेल. एकाच मार्गावर त्या लावल्या, तर सरासरी पाच मिनिटं. बस तेवढ्याच, चालक तेवढेच, डिझेलही जवळपास तेवढंच. नकाशावर मात्र पहिली योजना भरगच्च दिसते, म्हणून सभागृहात तीच मंजूर होते. पुढे दोन वर्षांत 'प्रतिसाद नाही' म्हणून एकेक मार्ग बंद पडत जातो. माझ्या मते बससेवा मरण्याचं हे सगळ्यात मोठं कारण आहे. बेशिस्त, जुन्या गाड्या, तोटा, हे सगळं त्याच्या मागून येतं.

वळशाचंही असंच. एखाद्या कॉलनीत शिरून बाहेर यायला सहा मिनिटं लागतात. वाटतं, एवढ्याने काय होतं? जाताना सहा, येताना सहा, फेरी ९२ मिनिटांची झाली. नऊ बस लावल्या तरी दर दहा मिनिटांचं वेळापत्रक बसत नाही, दहावी लागते. रस्त्यावर आठच्या जागी दहा, म्हणजे एका वळशाची किंमत दोन बस! कॉलनीतल्या माणसाला मुख्य रस्त्यापर्यंत चालायला पाच-सात मिनिटं लागतील. तिथे आल्यावर बस नक्की मिळणार असेल, तर तो चालतो. मी स्वतः चालत आलो आहे, त्यामुळे हे खात्रीने सांगतो.

तेव्हा शहरातला एकच सरळ पट्टा शोधा, ज्यावर दवाखाने, कॉलेजं, बाजार आणि रेल्वे स्टेशन मण्यांसारखे ओवलेले आहेत. आमच्याकडे तो आयताच आहे. सांगलीला सिव्हिल हॉस्पिटल आणि बाजारपेठ, मधे विश्रामबागेत कॉलेजं, पुढे मिरजेला दवाखाने आणि जंक्शन. मिरजेहून पुणे, कोल्हापूर, पंढरपूर, बेळगाव अशा चारी दिशांना रेल्वे जाते. एवढा मोठा आधार एका टोकाला असताना स्टेशनवर उतरलेल्या माणसाला बसची वेळ कळत नसेल, तर ती आपली मोठी चूक आहे.

कुणाचं दार ठोठवायचं

राज्यात प्रत्येक शहराची व्यवस्था वेगळी आहे. पुण्यात २००७ साली पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या बससेवा, पीएमटी आणि पीसीएमटी, एकत्र करून पीएमपीएमएल झाली. कोल्हापुरात महापालिकेची केएमटी आहे. नाशिकमध्ये आधी एसटी शहरी बस चालवायची. ८ जुलै २०२१ पासून महापालिकेच्या कंपनीने सिटीलिंक सुरू केली. सांगली-मिरजेत शहरी बस एसटीच चालवत आली आहे. तेव्हा पहिला प्रश्न: तुमच्याकडे बस कुणाची? त्यावर पुढचं सगळं ठरतं.

एसटीची असेल, तर आगार व्यवस्थापक आणि त्यांच्या वर विभाग नियंत्रक. महापालिकेची असेल, तर परिवहन व्यवस्थापक आणि आयुक्त. थांबे, शेड, फुटपाथ हे बहुतेक ठिकाणी पालिकेच्या शहर अभियंत्याकडे. रस्ता राज्य किंवा राष्ट्रीय महामार्ग असेल, तर थांब्याची जागा हलवायला वेगळ्या खात्याची परवानगी लागते, हे आधी तपासा. शेअर रिक्षांचे मार्ग, परवाने आणि भाडं प्रादेशिक परिवहन प्राधिकरण ठरवतं. त्याचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, हे अनेकांना माहीत नसतं. चौकातली कोंडी वाहतूक पोलिसांची. एकाच निवेदनाच्या पाच प्रती काढून पाच ठिकाणी देऊ नका. प्रत्येकाला त्याच्या अखत्यारीतली एकच गोष्ट मागा.

भेटायच्या आधी माहिती अधिकाराचा अर्ज टाका. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, ३० दिवसांत उत्तर. मागायचं एवढंच: गेल्या १२ महिन्यांत या मार्गावर नियोजित फेऱ्या किती, प्रत्यक्ष किती झाल्या, रद्द झालेल्या फेऱ्यांची कारणं, धावलेले किलोमीटर, उत्पन्न आणि भारमान, म्हणजे बस किती भरून धावली त्याची टक्केवारी. रद्द फेऱ्यांचं पान आधी वाचा. चालक नाही, गाडी नाही, ब्रेकडाऊन, गाडी लांब पल्ल्याला पाठवली. नव्या गाड्यांचा एक रुपयाही न मागता, ठरलेल्या फेऱ्या तरी पूर्ण करा, एवढी मागणी या पानावरून करता येते. ती नाकारणं कुणालाही अवघड जातं.

मी असाच कागद घेऊन एका कार्यालयात गेलो होतो. तीन खेपांना "साहेब मीटिंगमध्ये आहेत" ऐकलं. चौथ्यांदा दोन निवृत्त शिक्षिका आणि कॉलेजच्या चार मुलींना सोबत नेलं. मुलींनी आपापल्या वह्या टेबलावर उघडून ठेवल्या. साहेबांनी पानं उलटली, मग टोपी काढून बाजूला ठेवली आणि खुर्ची पुढे ओढली. त्या दिवशी पहिल्यांदा बोलणं झालं.

पैशाचं बोलणं टाळू नका

बस तोट्यात जाते, हे आधीच मान्य करून बसा. वर वापरलेलाच मार्ग घेऊ. सकाळी सहा ते रात्री दहा, १६ तास. एक बस १२ फेऱ्या करते, प्रत्येकी २० किलोमीटर, म्हणजे दिवसाला २४०. आठ बसचे १,९२० किलोमीटर. समजा सगळा खर्च धरून किलोमीटरला ६० रुपये पडतात. दिवसाचा खर्च १,१५,२०० रुपये. जाण्याच्या आणि येण्याच्या मिळून १९२ खेपा होतात. समजा एका खेपेत सरासरी ४० जण चढले आणि सरासरी तिकीट १२ रुपये. उत्पन्न ९२,१६०. रोजची तूट २३,०४० रुपये, वर्षाची साधारण ८४ लाख. दर आणि तिकीट तुमच्या गावचे टाका, रीत हीच.

हा आकडा लपवू नका. अंदाजपत्रकात 'सिटी बस तूट' असं स्वतंत्र लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाचं वेगळं खातं, मागा. रस्ता, पथदिवे, बाग यांचं 'उत्पन्न' कुणी विचारत नाही, मग बसलाच का? महापालिकेचं अंदाजपत्रक फेब्रुवारी-मार्चमध्ये येतं, तेव्हा तुमचा कागद दिवाळीनंतर लगेच आयुक्तांकडे पोचायला हवा. मार्चमध्ये दिलेलं निवेदन पुढच्या वर्षासाठीच असतं. तुटीतला काही वाटा बाजारपेठेतल्या पार्किंगच्या शुल्कातून काढता येतो. व्यापाऱ्यांना विश्वासात घेतल्याशिवाय मात्र हे सुरू करू नका.

केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये पीएम ई-बस सेवा योजना मंजूर केली. त्यात १०,००० ई-बस, तीन लाखांवर लोकसंख्येची शहरं आणि दहा वर्षं चालवण्यासाठी साहाय्य आहे. तुमचं शहर त्यात बसत असेल, तर पाठपुरावा आगाराच्या जागेचा आणि वीजजोडणीचा करा. आगार नसेल, तर आलेल्या बस उभ्या करायलाही जागा नसते. बस निवडायला मिळाली, तर १२ मीटरपेक्षा नऊ मीटरची घ्या. लहान बस अरुंद चौकात वळते, आणि त्याच पैशात संख्या थोडी वाढते.

कंत्राटदाराला किलोमीटरप्रमाणे पैसे द्यायचे असतील, तर करारात दोन गोष्टी हव्यात. फेरी चुकली की दंड, आणि चालक-वाहकांचा पगार, पीएफ भरल्याचा पुरावा दाखवल्याशिवाय पुढचं बिल नाही. नाशिकमध्ये थकीत वेतनावरून वाहकांनी वारंवार काम बंद केलं आणि तेवढ्या दिवसांत शहराची बस थांबली. एकदा असं झालं की प्रवासी पुन्हा गाडीच्या किल्ल्या शोधतो. माणसांचा हिशोबही आधीच करा. कामगार कायद्याप्रमाणे दिवसाला आठ तास. १६ तासांच्या सेवेला दोन पाळ्या, आठ बसना १६ चालक, साप्ताहिक सुट्ट्या धरून १९, रजा आणि आजारपण धरून २१ तरी. सोळाच नेमले, तर पहिल्या महिन्यापासून फेऱ्या रद्द होणार.

तिकिटाबद्दल एक गोष्ट. एसटीत १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट झालं आणि स्थानकांवरची गर्दी सगळ्यांनी पाहिली. मिरजेपासून हाकेच्या अंतरावर कर्नाटक सुरू होतं. तिथे ११ जून २०२३ पासून राज्यातल्या महिलांना साध्या सरकारी बसचा प्रवास मोफत आहे. दर कमी झाला की बायका घराबाहेर पडतात, हे दोन्हीकडे दिसलं. तुमच्या शहरी सेवेला कोणती सवलत लागू आहे, ते लेखी विचारून घ्या आणि थांब्यावर लावा.

थांबा

शेड मोठी नको, नेमकी हवी. बहुतेक शेडमध्ये बाकावर बसलं की बस दिसत नाही, कारण मधे जाहिरातीचा फलक असतो. बस बघायला माणूस रस्त्यावर उतरतो, बस त्याच्यामुळे आणखी पुढे थांबते आणि मग म्हातारी माणसं पळतात. तेव्हा फलक मागच्या बाजूला, पुढचा भाग मोकळा. थांब्यांमध्ये ४००-५०० मीटर अंतर ठेवा. चौकाच्या अलीकडे थांबा असेल, तर बस सिग्नलपाशी अडकते, शक्य तिथे तो चौक ओलांडून पुढे घ्या. पलीकडच्या थांब्यावर जायला झेब्रा पट्टे आणि दुभाजकात तोंड हवं, कारण प्रत्येक प्रवाशाला दिवसातून एकदा रस्ता ओलांडायचाच असतो.

आणि एक पाटी. पत्र्याची, रंगवलेली, हात पोचणार नाही इतक्या उंचीवर, म्हणजे त्यावर वाढदिवसाचे फ्लेक्स चिकटणार नाहीत. त्यावर एवढंच लिहा: 'सांगली–मिरज. सकाळी ६ ते रात्री १०. दर १० मिनिटांनी. शेवटची बस मिरजेहून १०:००.' ॲप नंतर येऊ दे.

रिक्षावाल्यांशी भांडू नका

मुख्य रस्त्यावर दर दहा मिनिटांनी बस आली की शेअर रिक्षाचा धंदा बसतो. त्याच्या घरातही पोरांच्या फिया भरायच्या असतात. म्हणून बस सुरू व्हायच्या आधी त्यांच्या संघटनेला बोलवा आणि आडवे मार्ग द्या: कुपवाडहून विश्रामबाग, कॉलन्यांतून पुष्पराज चौक, मिरज स्टेशनपासून आतल्या गल्ल्या. भाडं आणि थांबा प्राधिकरणाकडून रीतसर ठरवून घ्या आणि बस थांब्यापासून वीस-तीस पावलांवर त्यांना अधिकृत जागा आखून द्या. मुख्य रस्त्यावर ज्याला दहा सीट शोधत फिरावं लागत होतं, त्याला इथे बसमधून उतरलेली माणसं आयती मिळतात. मधल्या काही महिन्यांत खटके उडतीलच. पोलिसांना पुढे करण्याआधी दोन बैठका जास्त घ्या.

पहिले सहा महिने

पहिल्या महिन्यात बस निम्म्या रिकाम्या दिसतील. वर्तमानपत्रात फोटो येईल. तेव्हा कोणतीही फेरी कमी करू नका, निदान सहा महिने तरी नाही, आणि हे आयुक्तांकडून आधीच लेखी घ्या. कॉलेजचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं, सेवाही तेव्हाच सुरू करा. पास प्रवेशाच्या वेळी कॉलेजच्या ऑफिसातच मिळू द्या.

रोज एकच गोष्ट मोजा: दोन बसमध्ये किती मिनिटं गेली. एखादी बस चार मिनिटं उशिरा झाली की पुढच्या थांब्यावर जास्त माणसं जमतात, चढायला जास्त वेळ लागतो, ती आणखी मागे पडते आणि मागची बस तिला येऊन चिकटते. वीस मिनिटं काहीच नाही, मग तीन एकदम, हे असं घडतं. यावर उपाय म्हणजे दोन टोकांना आणि मधे विश्रामबागेला वाहतूक नियंत्रक. वेळेच्या पुढे धावणाऱ्या बसला दोन-तीन मिनिटं थांबवायचं, उशीर झालेल्या चालकावर ओरडायचं नाही.

शेवटची बस कधीही रद्द करू नका. दुपारपाळीची परिचारिका रात्री नऊ-साडेनऊला मिरजेच्या दवाखान्यातून बाहेर पडते. दहाची बस आली नाही, तर ती नवऱ्याला फोन लावते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसलाही येत नाही, कारण रात्रीची खात्री नसेल तर सकाळीच गाडी काढलेली बरी. त्या बसमध्ये सात माणसं असतील, तर सातच असू द्या. मोजणी करणाऱ्यांपैकी एकाने आळीपाळीने रोज रात्री पावणेदहाला गांधी चौकात उभं राहायचं, बस गेली की वहीत वेळ लिहायची आणि सकाळी ती वेळ आगाराला कळवायची.